अख्खी केबल नको, सुटा कनेक्टर द्या : दूधयंत्र विकणाऱ्यांना आणि दूध संघांना खुले पत्र

प्रति,
दूध काढणारे रोबोट आणि मिल्किंग पार्लर विकणारे सर्व आयातदार व वितरक,
तसेच ज्यांच्या शिफारशीने ही यंत्रे गोठ्यात येतात त्या सहकारी व खासगी दूध संघांचे संचालक

विषय : यंत्रांचे विद्युत कनेक्टर सुटे मिळण्याबाबत व त्यांची पिननिहाय माहिती ग्राहकाला देण्याबाबत

स. न. वि. वि.

दूधयंत्र बंद पडले की मालकाला आधी संगणकाच्या कार्डाची धास्ती वाटते. तंत्रज्ञ कव्हर उघडतो तेव्हा अनेकदा दिसते ते भलतेच : सेन्सर ठणठणीत, केबल ठणठणीत, आणि मधला प्लग, म्हणजेच कनेक्टर, आतून हिरवा पडलेला. बाजारात असा प्लग काही शे रुपयांना मिळतो. पण तुमच्या सुट्या भागांच्या यादीत तो नसतोच. यादीत असते ती सेन्सरसकट पूर्ण केबल, किंवा रोबोटच्या हाताच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा अख्खा हार्नेस (केबलींचा जुडगा); तोही परदेशातून मागवावा लागतो. आमची तक्रार एवढीच आहे आणि मागणीही एवढीच : कनेक्टर हा स्वतंत्र सुटा भाग माना, त्याचे मोजमाप उघड करा आणि तो इथल्या गोदामात ठेवा.

दूध काढणारा रोबोट व्यापारी तत्त्वावर पहिल्यांदा १९९२ मध्ये नेदरलँड्समध्ये बसला. एक रोबोट साधारण साठ गायींची धार काढतो आणि धुण्याची वेळ सोडली तर दिवसरात्र चालतो. अशा गोठ्यात दुसरे पार्लर नसते, हाताने धार काढणारी माणसेही नसतात. म्हणजे एका पिनेपायी रोबोट थांबला की साठ गायींची कास तटतटते, आणि पुढे दगडी (कासेची सूज) ठरलेली. आपल्याकडे रोबोट अजून मोजके आहेत. पण इलेक्ट्रॉनिक पल्सेटर (ओढ आणि विश्रांतीचे ठोके देणारी झडप), दूधमापक आणि आपोआप सुटणारे क्लस्टर (सडांना लावायच्या चार कपांचा संच) असलेली पार्लर पुणे, अहिल्यानगर, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात आहेत, आणि आतले कनेक्टर त्याच जातकुळीतले आहेत. म्हणून हे पत्र दोन्हींबद्दल आहे.

कनेक्टर खराब का होतो, याचे तुमच्या सेवा विभागाकडून येणारे ठरलेले उत्तर म्हणजे ‘पाणी मारले असेल’. पाणी तर मारणारच, तो गोठा आहे. प्रश्न आहे तो तुम्ही दिलेला भाग त्या पाण्यासाठी आहे का, हा. माहितीपत्रकात ‘आयपी ६७, जलरोधक’ असे छापलेले असते; आयपी म्हणजे धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा. आयपी ६७ ची चाचणी म्हणजे एक मीटर खोल साचलेल्या पाण्यात अर्धा तास. प्रेशर वॉशरच्या फवाऱ्याशी तिचा संबंध नाही. ६७ पास झालेला भाग फवाऱ्यात टिकेल असे मानक स्वतःच म्हणत नाही. त्यासाठी आयपी ६९के आहे : ८० अंश सेल्सिअसचे पाणी, ८० ते १०० बार दाब, मिनिटाला १४ ते १६ लिटर, १० ते १५ सेंटिमीटर अंतरावरून, चार कोनांतून प्रत्येकी ३० सेकंद. आणि हे दोन्ही आकडे प्लग पूर्ण बसवून नट योग्य ताकदीने आवळलेला असेल तरच खरे. एम१२ (१२ मिलिमीटर आट्यांचा गोल कनेक्टर) च्या नटाला साधारण ०.६ न्यूटन-मीटर लागते, एम८ (८ मिलिमीटरचा) ला ०.४. नुसत्या बोटांनी फिरवला तर रबरी रिंग नीट दबत नाही. पक्कडीने पिळला तर ती चिरते. त्या मापाचा छोटा टॉर्क पाना मिळतो, पण तुमच्या किती तंत्रज्ञांच्या पेटीत तो असतो?

पाणी नुसते बाहेरून मारल्यानेच शिरते असेही नाही. गरम धुलाईत कनेक्टर तापतो, आतली हवा फुगते आणि फटीतून बाहेर पडते. लगेच गार पाणी पडले की आतली हवा आकसते आणि नटाभोवतीचे पाणी आत ओढले जाते. दिवसातून दोन-तीन वेळा हे चक्र चालू राहते. आत शिरलेले पाणी तांब्याच्या तारांच्या पेडांमधून केबलमध्ये दूरवर चढते. म्हणूनच प्लग बदलूनही काही आठवड्यांत तोच दोष परत येतो : प्लग नवा, पण त्यामागचे तांबे काळे पडलेले. चकचकीत तांबे दिसेपर्यंत केबल मागे कापायलाच हवी, आणि त्यासाठी मुळात १५-२० सेंटिमीटर केबल सैल सोडलेली असायला हवी. कारखान्यातून येणारे हार्नेस इतके ताणून बसवलेले असतात की एकदा कापले की पुरतच नाहीत.

वीजपुरवठा २४ व्होल्ट डीसी असल्यामुळे आणखी एक गोष्ट घडते. ओलावा शिरला की पिनांमध्ये विद्युत-विघटन सुरू होते आणि धन बाजूची पिन झिजू लागते. उघडलेल्या प्लगमध्ये एक नंबरची (धन) पिन खाल्लेली, हिरवी, आणि तीन नंबरची (शून्य) जवळजवळ नव्यासारखी दिसली तर समजावे की ही निव्वळ जुनेपणाची गंज नाही, पाणी शिरून गळती चालू होती. तिथे पाणी कुठून येते ते न शोधता नवा प्लग लावणे म्हणजे पैसे गटारात.

मग गोमूत्र. त्यातून सुटणारा अमोनिया पितळाचा जुना वैरी आहे. ब्रिटिश लष्कराची पितळी काडतुसे हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांमध्ये साठवली की आपोआप तडकत. हवेतला दमटपणा, घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि घडवताना पितळात राहिलेला ताण, या तिन्हींचा तो मेळ होता; १९२१ मध्ये त्याचा शास्त्रीय उलगडा झाला. शंभर वर्षे उलटली, तरी आमच्या गोठ्यांत निकेल चढवलेले पितळी नट येतातच. निकेलचा थर खरचटला की खालचे पितळ उघडे पडते, ते आवळलेल्या ताणात असते, आणि आटे सुरू होतात तिथे बारीक तडा जातो. खोलीवजा कपाटातल्या पॅनेलसाठी पितळ चालेल. रोबोटच्या हाताला, पार्लरच्या खड्ड्यात आणि शेण-मूत उडते त्या उंचीवर ३१६एल या गंजाला जास्त टिकणाऱ्या स्टेनलेसचाच नट हवा. किमतीतला फरक यंत्राच्या किमतीपुढे नगण्य आहे.

केबलच्या आवरणाबाबतही थोडे. पीयूआर (पॉलियुरेथेन) आवरण वाकण्याला आणि घासण्याला उत्तम, म्हणून हलत्या हातात तेच वापरतात. पण स्वस्त प्रकारचे पीयूआर गरम पाणी आणि अल्कली यांच्या माऱ्यात चिकट होऊन फाटते. ईथर-आधारित पीयूआर जास्त टिकते. स्थिर जागी, जिथे कॉस्टिक-क्लोरीनची आणि ॲसिडची धुलाई आलटून-पालटून होते, तिथे चांगल्या प्रतीचे पीव्हीसी किंवा टीपीई (रबरासारखे प्लॅस्टिक) बरे. तुमच्या यादीत यातले काहीच लिहिलेले नसते. केबल काळी की पिवळी एवढेच कळते. उंदीर मात्र तिन्ही प्रकार सारख्याच आवडीने कुरतडतात. त्यांच्यावर उपाय एकच, जमिनीलगतची केबल स्टेनलेसच्या नळीतून न्या.

इथवर यंत्र बंद पडण्याची गोष्ट झाली. खरा धोका आहे तो यंत्र चालू राहून खोटे बोलते तेव्हा. दूध संघांनी हा भाग नीट वाचावा, कारण नुकसान त्यांच्या टँकरपर्यंत पोहोचते.

धुलाईच्या पाण्याचे तापमान मोजायला पीटी१०० सेन्सर असतो. त्याचा रोध दर अंशाला ०.३८५ ओहमने वाढतो. दोन तारांच्या जोडणीत गंजलेल्या पिनेने एक ओहम भर घातली की यंत्राला पाणी २.६ अंश जास्त गरम वाटते. तीन ओहम झाली की जवळजवळ ८ अंश. पडद्यावर ७५ दिसते, हीटर बंद होतो, आणि नळीतून जाते ६७ अंशांचे पाणी. परतीचे पाणी ४० च्या खाली गेले की वितळलेली चरबी पुन्हा नळ्यांना धरते. मग जिवाणूंची संख्या का वाढली म्हणून आधी डिटर्जंट बदलतात, मग लायनर (सडाभोवतीची रबरी नळी) बदलतात, मग गवळ्याला बोलणी बसतात. पडद्यावरच्या आकड्याची साध्या थर्मामीटरशी महिन्यातून एकदा गाठ घालून दिली तर हे सगळे टळते. तीन तारांची जोडणी असेल तर चूक बरीच भरून निघते, पण तिन्ही पिना सारख्या अवस्थेत असतील तरच.

दगडी ओळखण्यासाठी दुधाची विद्युतवाहकता मोजतात. निरोगी दुधाची साधारण ४ ते ५.५ मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर. कास सुजली की ती वाढते. दोन इलेक्ट्रोडच्या सेन्सरमध्ये पिन गंजून रोध वाढला की वाहकता आहे त्यापेक्षा कमी दिसते, म्हणजे आजारी सड निरोगी ठरतो. उलट, प्लगमध्ये ओलावा शिरून दोन पिना एकमेकींशी बोलू लागल्या की वाहकता जास्त दिसते. निरोगी गाय आजारी ठरते, तिला प्रतिजैविक टोचले जाते आणि तिचे दूध फेकावे लागते. एकाच कनेक्टरचे हे दोन उलटे दोष. ओळखायची रीत सोपी आहे. संशय आलेल्या सडाची आणि शेजारच्या सडाची केबल अदलाबदल करा. दोष केबलबरोबर गेला तर केबल-कनेक्टर; सेन्सरपाशीच राहिला तर सेन्सर किंवा गाय, आणि मग सीएमटीचे (दगडी ओळखायच्या साध्या दूधचाचणीचे) चार थेंब सांगतील कोण ते. ही अदलाबदल तुमच्या पुस्तिकेत का नाही?

पार्लरमध्ये क्लस्टर आपोआप सोडणाऱ्या यंत्रणेचेही असेच. प्रवाह-सेन्सरच्या प्लगमध्ये गळती झाली की यंत्राला दूध येतच आहे असे वाटते. क्लस्टर सुटत नाही, रिकामी कास ओढली जाते आणि सडाची टोके खडबडीत होतात. जोड तुटक असेल तर क्लस्टर अर्ध्या धारेत गळून पडतो. पल्सेटरच्या प्लगात रोध वाढला की कॉइलला पूर्ण व्होल्टेज मिळत नाही, झडप उशिरा उचलते. मिनिटाला ६० ठोके कायम असतात पण ओढ आणि विश्रांतीचे ६०:४० चे प्रमाण बिघडते. दूधयंत्रांच्या आयएसओ ५७०७ या मानकानुसार लायनर मिटून सडाला विश्रांती मिळण्याचा टप्पा १५० मिलिसेकंदांपेक्षा कमी नको. कानाला ठोके ठीक वाटतात, म्हणून आलेख काढल्याशिवाय हे कळतच नाही.

आता तुमचा नेहमीचा मुद्दा : ‘आमचे कनेक्टर खास आहेत, बाहेरचे चालणार नाहीत.’ बहुतेक खास नसतात. वरचे कंपनीचे लेबल खरवडले की खाली असतो एम१२, ए-कोडचा (कोड म्हणजे प्लगच्या खाचेचा प्रकार), चार किंवा पाच पिनांचा. लहान सेन्सरला एम८. नेटवर्कसाठी डी-कोड किंवा एक्स-कोड. चालत्या भागांत आणि पंपांवर डॉइच डीटी या बनावटीचा : १६ नंबरच्या मापाची पिन, १३ अँपिअर, ०.५ ते २ चौरस मिलिमीटरची तार. सोलेनॉइड वाल्व्हवर (विजेवर उघडणाऱ्या झडपेवर) चौकोनी प्लग, फॉर्म ए, बी किंवा सी. त्यातही फसगत आहेच : फॉर्म ए च्या पात्यांमधले अंतर १८ मिलिमीटर, पण बी मध्ये १० आणि ११ अशी दोन मापे चालतात, सी मध्ये ८ आणि ९.४. अकराच्या जागी दहाचा प्लग दाबून बसवला की पाते वाकते आणि खालचे गॅस्केट तिरके होते. वाल्व्हवर पाणी शिरण्याचे हे अगदी नेहमीचे कारण. एवढे एक माप यादीत छापायला काय हरकत आहे?

प्लग बसला म्हणजे जुळला असेही नाही. चार पिनांच्या एम१२ मध्ये १ तपकिरी म्हणजे धन, ३ निळी म्हणजे शून्य, ४ काळी म्हणजे संकेत, हा प्रघात. २ पांढरी मात्र कुठे दुसरा संकेत असते, कुठे रिकामी, कुठे पुरवठा. म्हणून पिननिहाय नकाशा हवा. तो न देता ‘बाहेरचा प्लग लावल्याने कार्ड जळाले’ म्हणून हमी नाकारणे हा अन्याय आहे.

गोठ्यावर बदल करायचा तर क्रम असा असावा. आधी मेन बंद करून कुलूप, मग रोबोटच्या हाताच्या सिलिंडरमधली हवा सोडायची. नुसती वीज तोडली तर दाबातला हात खाली येऊ शकतो. जुन्या जोडणीचा फोटो. केबलचा बाहेरचा व्यास कॅलिपरने मोजायचा, कारण जागेवर जोडायच्या एम१२ ची ग्रंथी (केबल आवळून धरणारे तोंड) ४ ते ६ मिलिमीटर किंवा ६ ते ८ अशी येते. पाचाची केबल आठाच्या ग्रंथीत कितीही आवळली तरी पाणी जाणारच. नट, रिंग आणि कवच केबलवर आधी ओवायचे (हे विसरल्याने दुप्पट काम झाले नाही असा तंत्रज्ञ विरळा). तारेची टोके सोलून फेरूल (धातूची छोटी टोपी) दाबायचे, उघडे पेड स्क्रूखाली नाहीत. डीटीची पिन क्रिंपच करायची, म्हणजे तारेवर दाबूनच बसवायची, त्याच मापाच्या हत्याराने, टक् आवाज येईपर्यंत आत ढकलायची आणि ओढून पाहायची, ०.५ चौरस मिलिमीटरच्या तारेचा चांगला क्रिंप सुमारे ६ किलोचा ताण सोसतो. मग पिना अडकवून धरणारी पाचर लावायची, रिकाम्या भोकांत बंद-खुंटी घालायची. सोन्याचा मुलामा असलेल्या पिनेला कथलाच्या मुलाम्याची पिन जोडायची नाही. हाताच्या कंपनात कथल घासून काळी पूड तयार होते. साफसफाईला कॉन्टॅक्ट क्लिनर. गंज सोडवायचे तेल फवारून ठेवायचे नाही. ग्रीस फक्त रिंगेवर, पुसट, अन्नयंत्रांना चालणाऱ्या एच१ दर्जाचे. इन्सुलेशन तपासायला ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजायचा मीटर) लावायचा असेल तर दोन्ही टोके इलेक्ट्रॉनिक्सपासून सोडवूनच. शेवटी केबलला प्लगच्या खाली लोंबता वळसा, म्हणजे ओघळ प्लगात न जाता खाली टपकेल.

आणि आमचे स्पष्ट मत : जिथे थेट फवारा बसतो तिथे जागेवर जोडलेला प्लग हा तात्पुरता इलाज आहे. कायमचा इलाज म्हणजे कारखान्यात ओतीव केलेला प्लग, दोन किंवा पाच मीटर सुट्या टोकाच्या केबलसह; त्याचे दुसरे टोक नळीच्या पाण्यापासून उंच, कोरड्या पेटीत जोडायचे. तारेच्या जाडीचेही भान हवे. ०.३४ चौरस मिलिमीटरच्या तारेत १० मीटर अंतरावर, जातानाचा-येतानाचा धरून, साधारण एक ओहम रोध येतो. सेन्सरला चालेल, दोन अँपिअर घेणाऱ्या वाल्व्हसमूहाचे २४ चे २२ व्होल्ट होतील.

एका विषयावर महावितरणच्या ग्राहकांनी वेगळे लक्ष द्यावे. हीटर आणि पंप २३० किंवा ४०० व्होल्टवर चालतात. त्यांच्या ओल्या प्लगमधून गळती झाली आणि अर्थिंग कच्चे असेल तर गव्हाणी आणि ओली जमीन यांच्यात थोडा विद्युतदाब उभा राहतो. माणसाला बुटांमुळे जाणवत नाही, गायीला जाणवतो. मोजताना गायीच्या शरीराऐवजी ५०० ओहमचा रोध धरतात. त्यावर १ व्होल्ट म्हणजे २ मिलिअँपिअर, आणि तिथून पुढे चिंता करावी. रोबोटमध्ये गाय आपणहून यायची असते. ती दाराशी अडू लागली की खुराकाची चव बदलण्याआधी मीटर लावा.

तर, वितरकांना आमचे म्हणणे असे. प्रत्येक यंत्रासोबत एक तक्ता द्या : कोणत्या जागी कोणता कनेक्टर, किती पिना, कोणता कोड, पिननिहाय काम, केबलचा व्यास, आवरण, आयपी दर्जा, आवळण्याची ताकद. प्लॅस्टिकच्या पाऊचमध्ये, पॅनेलच्या दाराला आतून, मराठीत. विक्रीसोबतच एक डबा द्या. एका रोबोटला किंवा सोळा गाळ्यांच्या पार्लरला आमच्या हिशेबाने पुरेल एवढा : ओतीव एम१२ केबल सरळ चार आणि काटकोनी दोन, एम८ चार, प्रत्येक मापाचे वाल्व्ह-प्लग गॅस्केटसह दोन-दोन, डीटीच्या नर-मादी पिना पंचवीस-पंचवीस, बंद-खुंट्या दहा, आतून गोंद असलेली उष्ण-आकुंचन नळी, आणि रिकाम्या सॉकेटांसाठी टोप्या दहा. टोप्यांना हसू नका. वापरात नसलेले उघडे सॉकेट हे पूर्ण वितरण-पेटीत पाणी शिरायचा हमरस्ता आहे.

दूध संघांच्या हाती तर लेखणीच आहे. शिफारस, अनुदान किंवा कर्जहमी देताना खरेदीपत्रात तीन ओळी घाला : कनेक्टर सुटे मिळतील, पिननकाशा मिळेल, वर्णनाशी जुळणारा दुसऱ्या बनावटीचा कनेक्टर वापरल्याने हमी रद्द होणार नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली तेव्हा शेतीची अवजारे त्यात होती, आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे पोर्टलही सुरू झाले. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेतीयंत्रांसाठी कायदाच केला. आपल्याकडे तशी सक्ती येईपर्यंत करारातली ओळ हेच शस्त्र, आणि ती ओळ एकेकट्या शेतकऱ्यापेक्षा संघाने घातली तर वितरक ऐकतो.

संघांच्या तालुका शीतकरण केंद्रांवर बल्क कूलरसाठी विद्युत तंत्रज्ञ असतोच. त्याला क्रिंपचे हत्यार, टॉर्क पाना आणि वरचा डबा द्या, आणि पावसाळ्याआधी, मे महिन्यात, प्रत्येक पार्लरचा प्रत्येक प्लग एकदा उघडून पाहण्याचे काम लावा. वितरकांनी त्याच महिन्यात आपला एक माणूस सोबत पाठवावा. तक्ते तयार करायला एवढा अवधी पुरे आहे.

कळावे,

दूधयंत्रांची विद्युत दुरुस्ती करणारे तंत्रज्ञ